फिरंग

फिरंग ही मराठा घोडेस्वारांची लांब, सरळ पात्याची तलवार. पाते बहुधा युरोपात घडलेले आणि मूठ दख्खनी कारागिराच्या हातची, अशी तिची घडण. सतराव्या आणि अठराव्या शतकांत ती मराठा सरदार आणि शिलेदार यांच्या कमरेला असे. त्याच काळात युरोपातल्या त्याच गावांतून निघालेली पाती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातही पोचली. तिथे त्यांच्यावर पिंजऱ्यासारखी लोखंडी मूठ चढली आणि ती हायलंडर तलवार म्हणून नावाजली. एकाच घरच्या दोन लेकी दूरच्या दोन मुलखांत दिल्या जाव्यात, तसे या दोन तलवारींचे नाते आहे. नाशिक जिल्ह्याशी फिरंगेचा संबंध मुख्यतः बागलाणातल्या मुल्हेरमुळे येतो, कारण तिच्या एका नामांकित नमुन्याची मूठ ‘मुल्हेरी घाटाची’ म्हणून ओळखली जाते.

रचना : पात्याची लांबी साधारणपणे ८५ ते ९५ सेंटीमीटर. ते एकधारी किंवा दुधारी असते, टोक भोसकण्याजोगे निमुळते. पात्यावर एक, दोन किंवा तीन लांब पन्हळी काढलेल्या असतात. रक्त वाहून जावे म्हणून त्या ठेवल्या, असे अनेकदा ऐकू येते. ते खरे नाही. पन्हळीमुळे पात्याचे वजन उतरते आणि ताठपणा मात्र टिकतो. एवढे लांब पाते घोड्यावरून एका हाताने फिरवायचे तर ही सोय हवीच.

मूठ पाहावी ती जवळून. बोटांवरून वळलेली रुंद परज, वर बशीच्या आकाराची कटोरी आणि कटोरीच्या माथ्यावरून निघालेला, किंचित वाकलेला पोलादी दांडा हे तिचे मुख्य भाग. जोराचा वार करताना दुसरा हात या दांड्यावर ठेवता येतो; एरवी तलवार म्यानात असताना हात टेकायलाही तो बरा. परजेच्या आतल्या बाजूला कापडाची किंवा मखमलीची गादी असते आणि पुष्कळ तलवारींत ती बोटांच्या जागी झिजलेली दिसते. मुठीपासून पात्याच्या दोन्ही अंगांवर लांब पोलादी पट्ट्या उतरतात आणि आरपार खिळे ठोकून पाते त्यांच्यात पक्के केलेले असते. वाकड्या पात्याच्या नेहमीच्या तलवारीत पात्याचा शेपटा मुठीच्या पोकळीत घालून लाखेने बसवतात. फिरंगेचे पाते लांब, त्यामुळे झटका बसतो तो नेमका मुठीच्या तोंडाशी. तिथे लाखेवर भागणार नाही हे ओळखून कारागिराने पट्ट्यांचा आधार दिला. आयात पाते आणि इथली मूठ यांची ही जोडणी म्हणजे त्या कारागिराच्या अकलेचा पुरावा आहे. संग्रहालयातल्या पाटीवर नुसते ‘युरोपीय पाते’ एवढेच लिहून थांबणे हा त्याच्यावर अन्याय होतो.

धोप ही फिरंगेच्या अगदी जवळची तलवार आणि दांडपट्ट्यालाही पुष्कळदा परदेशी पातेच लावलेले असे.

पात्यांचा व्यापार : ही पाती गोवा, चौल, वसई इथल्या पोर्तुगीज ठाण्यांतून आणि पुढे इंग्रज व्यापाऱ्यांमार्फतही येत. जर्मनीतील झोलिंगेन हे त्यांचे सर्वांत मोठे उगमस्थान. त्याखेरीज पासाऊ, स्पेनमधील तोलेदो आणि उत्तर इटलीतील गावे. दख्खनच्या पोलादाची कीर्ती जगभर होती, तरी लांब, सडपातळ आणि वाकवले तरी परत सरळ होणारे पाते ही झोलिंगेनकरांची खासियत होती. ते गाव पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सहाणांवर पाती ढिगाने तयार करी, म्हणून भावही परवडे.

पात्यावरच्या खुणा हा अभ्यासाचा मोठा विषय. धावणारा लांडगा ही पासाऊची खूण, जी पुढे झोलिंगेननेही उचलली. दातेरी कडेच्या दोन अर्धचंद्रांची खूण जेनोव्हाशी जोडली जाते. सगळ्यांत प्रसिद्ध नाव आंद्रेआ फेरारा याचे. हा सोळाव्या शतकातला, उत्तर इटलीतल्या बेल्लुनो गावचा पातेकार. त्याच्या मरणानंतर शंभर-दीडशे वर्षे झोलिंगेनचे लोहार त्याचे नाव वेगवेगळ्या वर्णलेखनांत ठोकत राहिले, कारण त्या नावाला गिऱ्हाईक होते. स्कॉटिश तलवारींवर हे नाव इतक्या वेळा आढळते की तिकडे ‘फेरारा’ म्हणजेच चांगली तलवार, असा समज रुजला. भारतातल्या फिरंगांवरही ते सापडते. आपल्याकडचे लोहारही मागे राहिले नाहीत. लांडगा, अर्धचंद्र, लॅटिन अक्षरे यांच्या नकला त्यांनी देशी पात्यांवर उतरवल्या. अक्षरे उलटी पडली असतील किंवा निरर्थक जुळली असतील, तर पाते इथलेच असण्याचा संभव मोठा. खूण बघून पात्याचे गाव ठरवण्याची घाई म्हणूनच करू नये.

स्कॉटिश तलवार : तिची मूठ लोखंडी पट्ट्यांच्या जाळीची असते आणि हात मनगटापर्यंत झाकते. स्टर्लिंग आणि ग्लासगो ही अशा मुठींची नावाजलेली गावे. स्टर्लिंगचा वॉल्टर ॲलन हा त्यांतला श्रेष्ठ कारागीर मानला जातो. म्हणजे इथेही तीच वाटणी : पाते जर्मनीचे, मूठ घरची. हायलंडर योद्धा डाव्या हातात चामड्याने मढवलेली गोल ढाल धरी आणि मराठा शिपायाची ढालही गोल, गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची. डोंगरी मुलखातली, अंगावर चालून जाणारी लढाई दोघांच्याही अंगवळणी पडलेली. फरक घोड्याचा. हायलंडर पायउतार लढे, म्हणून त्याचे पाते बहुधा फिरंगेहून आखूड असते.

हे साम्य तलवारीपुरतेच नाही. स्कॉटिश बंदुकगिरीतला सर्वांत देखणा प्रकार म्हणजे पर्थशरमधील डून गावची पिस्तुले. टॉमस कॅडेल याने सतराव्या शतकाच्या मध्यात तिथे हा धंदा सुरू केला. ही पिस्तुले पूर्ण धातूची असत, लाकडाचा तुकडाही नाही. दस्ता मेंढ्याच्या शिंगांसारखा दुभंगलेला, चाप गोळीसारखा आणि त्याभोवती कडे नाही. दस्त्यापासून नळीपर्यंत चांदीची नाजूक जडणघडण. कोफ्तगारी, म्हणजे पोलादावर सोन्याचांदीची नक्षी, केलेल्या आपल्या मुठींशेजारी ती ठेवली तर दोन्हीकडच्या कारागिरांची आवड जुळलेली दिसते.

१७४६ च्या कल्लोडनच्या लढाईत हायलंडर हरले आणि इंग्रज सरकारने त्यांच्या मुलखात शस्त्रबंदी लादली. बंदीतून सूट होती ती सरकारी पलटणीत भरती होणाऱ्यांना. अशा पलटणी पुढे थेट आपल्या दारात आल्या. ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावणाऱ्यांत ७८ वी हायलंडर पलटण होती आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर ७४ वी व ७८ वी, दोन्ही होत्या. ७४ वी तर १७८७ मध्ये हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठीच उभी केलेली. असईत तिची अतोनात हानी झाली. तोवर साध्या हायलंडर शिपायाकडे बंदूक आणि संगीन उरली होती, जाळीची तलवार फक्त अंमलदारांच्या कमरेला. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा. दोन्ही मुलखांच्या तलवारी त्या मैदानावर आमनेसामने आल्या.

शिंद्यांच्या कवायती फौजेची शस्त्रेही एका स्कॉट माणसाच्या हातची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिंद्यांची ही कवायती फौज उभारणाऱ्या द बॉइन्यच्या चाकरीतला सँगस्टर हा आग्र्याला तोफा ओतत असे आणि बंदुका घडवीत असे. बंदूक दहा रुपयांत पडे, अशी नोंद आहे. जुन्या तोडेदार बंदुकीत जळती जामगी लागे आणि पावसात तिचा भरवसा नसे. चकमकीच्या बंदुकीने ती अडचण बरीचशी दूर केली. मराठा फौजेतल्या या बदलाबद्दल आपल्याकडच्या संग्रहालयांत फार कमी सांगितले जाते. भिंतीवर तलवारींची कमान मांडली की बंदुका कोपऱ्यात जातात. ही मांडणी बदलायला हवी.

नाशिक परिसर : मुल्हेर हा बागलाणातला, सटाणे तालुक्यातला डोंगरी किल्ला. बागुल राजांची ही राजधानी. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकले आणि १६७२ मध्ये शेजारच्या साल्हेरच्या लढाईनंतर हा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. सुरत आणि खानदेश यांच्यामधली वाट इथून जाते. परदेशी माल किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर चढण्याची ही जागा असल्याने मुठीच्या एका घाटाला मुल्हेरचे नाव मिळावे, यात आश्चर्य नाही.

या मुठीचा सर्वांत गाजलेला नमुना नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांचा. सरळ, एकधारी युरोपीय पाते. मुल्हेरी घाटाची मूठ, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब देवनागरीत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा खजिना इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हाच ही तलवार परदेशी गेली असावी असा अंदाज आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या सदबीज लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. मराठा शस्त्रांवर मालकाचे नाव क्वचितच असते, त्यामुळे या तलवारीचे मोल सोन्याच्या नक्षीहून कितीतरी अधिक आहे.

फिरंगी धातूची एक आठवण खुद्द नाशिक शहरात, गोदाकाठी टांगलेली आहे. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळातली घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली ही लूट, असे सांगतात. वसई पडली तेव्हा तोफा, बंदुका, दारूगोळा असे पुष्कळ काही मराठ्यांच्या हाती लागले. घंटा मात्र देवळाच्या आश्रयाने टिकली. मालेगावचा भुईकोटही याच नारोशंकरांचा. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने त्र्यंबकगड घेतला, मे-जूनमध्ये मालेगावला वेढा घातला. तिथल्या अरब शिबंदीने महिनाभर किल्ला लढवला आणि दारूखान्याचा स्फोट झाल्यावरच हत्यारे खाली ठेवली. मुल्हेरही त्याच वर्षी पडले.

शहरातला पेशवेकालीन सरकारवाडा सराफ बाजाराजवळ आहे.  १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय एके काळी याच वाड्यात होते. आता इथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे आणि जुनी शस्त्रे हा त्याच्या संग्रहाचा भाग आहे. फिरंगेची सारी गोष्ट सांगायला नाशिकमध्ये याहून योग्य जागा नाही. शस्त्राच्या पाटीवर पात्याचे गाव, मुठीचा घाट आणि ते कुठून मिळाले, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या, तर मुल्हेरचे नाव आपोआप पुढे येईल.

शिवाजी महाराजांच्या तलवारी : याविषयी बोलताना भावनेइतकीच सावधगिरी हवी. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली आणि आता ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार हीदेखील युरोपीय पात्याची आहे. सातारच्या छत्रपतींकडील भवानी म्हणून पूजिल्या जाणाऱ्या तलवारीवर शाहू महाराजांच्या नावाचा लेख आहे. परदेशी पाते असल्याने महाराजांचा मान कमी होतो, अशी काहींना भीती वाटते. ती निराधार आहे. उत्तम पाते जिथे मिळेल तिथून आणणे आणि ते आपल्या हाताला बसेल असे करून घेणे ही जाणत्या राजाचीच रीत.

जतन : १८५७ नंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम आणि १८७८ चा शस्त्र कायदा यांमुळे असंख्य तलवारी जप्त झाल्या, मोडीत गेल्या किंवा कणगीत लपवल्या गेल्या. जुन्या वाड्यांत आजही एखादी फिरंग देव्हाऱ्याजवळ असते आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. पूजा जरूर करावी. मात्र हळदकुंकू, पाणी आणि फुले पात्यावर रात्रभर राहू देऊ नयेत, कारण ओल्या कुंकवाखाली गंज लवकर धरतो. चिंच, राख, वाळू, घासकागद यांनी तलवार कधीच घासू नये. चकाकी येते, पण लांडग्याची पुसट खूण आणि सोन्याचा पातळ मुलामा कायमचा जातो. सुक्या मऊ कापडाने पुसून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा आणि पावसाळ्यात म्यानात न ठेवता कोरड्या जागी वेगळी ठेवावी. चामडी म्यान ओल धरते. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. घरच्या तलवारीचा घाट आणि खुणा ओळखून घ्यायच्या असतील, तर पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात दाखवावी आणि आजी-आजोबांकडून ऐकलेली तिची हकिकत त्याच वेळी लिहून द्यावी.