पापुद्र्याएवढी खोली

फ्लॉरेन्समधल्या ऑर्सानमिकेले या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींत कोनाडे आहेत. शहरातल्या व्यावसायिक श्रेणींनी ते वाटून घेतले आणि प्रत्येकीने आपापल्या संताचा पुतळा बसवला. चिलखतकारांचा संत जॉर्ज शिल्पकार दोनातेल्लोने घडवला. पुतळा गाजला, पण शिल्पकलेला नवी वाट फुटली ती त्याच्या पायाखालच्या संगमरवरी पट्टीत, 1417 च्या सुमारास.

पट्टी सुमारे चार फूट लांब, उंची जेमतेम सव्वा फूट. विषय ठरलेला: घोड्यावरचा जॉर्ज ड्रॅगनला भाल्याने भोसकतो आणि राजकन्येला वाचवतो. उठावशिल्पाची तोवरची रीत प्राचीन रोमन शवपेटिकांकडून आलेली. पिसाच्या बाप्तिस्मागृहातल्या 1260 च्या व्यासपीठावर निकोला पिसानोने माणसे तशीच कोरली आहेत: दाटीवाटीने उभी, भरीव अंगांची, आणि त्यांच्यामागे आडवा येणारा दगड. दोनातेल्लोने त्या दगडालाच मोकळे आकाश केले.

स्वार आणि घोडा थोडे वर उचललेले आहेत. डावीकडे गुहा, उजवीकडे राजकन्या आणि तिच्यामागे कमानींची ओवरी. जे दूर ते अधिक उथळ. मागची झाडे तर छिन्नीच्या ओरखड्यावर भागवली आहेत. ओवरीच्या रेषा आत धावतात. वास्तुकार ब्रुनेलेस्की तेव्हा याच शहरात यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाटीवर अंतर दाखवण्याचे, प्रयोग करत होता. अल्बेर्ती या विद्वानाने यथार्थदर्शनाचे नियम ग्रंथात मांडले ते 1435 मध्ये. म्हणजे शास्त्र लिहिले जाण्याआधीच ते दगडात उतरले होते.

या पद्धतीला इटालियन कारागीर 'स्तियाच्चातो' म्हणतात. तिच्यात खोली दगडात नसतेच. पृष्ठभागाचा कल किंचित बदलला की सावली बदलते, आणि अंतराचा भास होतो. म्हणून हात शिल्पकाराचा असून भागत नाही, नजर चित्रकाराची लागते. या कामाला रेखाटनावरची हुकमत हवी, असे कलावंतांचा चरित्रकार वासारीनेही नोंदवले आहे. खुद्द दोनातेल्लोने पुढे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या शिल्पात ढग आणि देवदूत जवळजवळ विरघळवून टाकले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

देसिदेरियो दा सेत्तिन्यानोने ही पद्धत नाजूक हाताने पुढे नेली. 1490 च्या सुमारास, विशीही न गाठलेल्या मायकेलअँजेलोने जिन्याजवळ बसलेली मरिया आणि बाळ येशू याच पद्धतीने कोरले. पण त्याच काळातल्या त्याच्या 'सेंटॉरांच्या लढाई'त शरीरे दगडातून उसळून बाहेर येतात. त्याला चित्रासारखा भास नको होता, देहाचे वजन हवे होते. पुढच्या पिढ्यांनी अनुकरण केले ते या वजनाचे.