कढीपत्त्यावरचा बहुरूपी

फुलपाखराचा फोटो काढून कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'याचं नाव काय?' प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधण्यात माणसाची शे-दीडशे वर्षं गेली आहेत. उदाहरण म्हणून मी आपल्या परसातलंच एक फुलपाखरू घेतो. ते कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालतं. नाव, कॉमन मॉर्मन.

१७५८ साली स्वीडनच्या लिनियसने त्याला 'पॅपिलिओ पॉलिटिस' म्हटलं. त्याच्यासमोर होते ते टाचणीला टोचलेले, सुकलेले नमुने. गंमत अशी, की या फुलपाखराच्या माद्या एकसारख्या नसतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही 'रोझ' विषारी. पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी त्यांचं सोंग घेते आणि जीव वाचवते. पेटीतल्या नमुन्यांवरून हे कळणार कसं? म्हणून एकाच जातीच्या नर-माद्यांना निरनिराळी नावं मिळाली. या सोंगामागचं मर्म आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५च्या निबंधात उलगडलं. 'मॉर्मन' हे इंग्रजी नावही एका नराच्या या अनेक 'बायकां'वरूनच पडलं!

आपल्याकडे १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. साताऱ्यात जन्मलेले एटकिन, वनाधिकारी बेल आणि डेव्हिडसन या तिघांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवार भागात फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, त्या कोणती पानं खातात हे टिपलं आणि १८९०च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पंखांच्या रंगाने फसगत होते, पण एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली भावंडं खोटं बोलत नाहीत.

पुढे २०१४ साली 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे सगळं सोंग 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे.

आता जाळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. जीव वाचला, हे उत्तमच. पण फुलपाखरू हातात नसल्यामुळे फोटोनेच सगळी साक्ष द्यायला हवी. रोझचं धड लाल असतं, मॉर्मनचं काळं. नुसते पंख टिपले तर तीच खूण निसटते. म्हणून मी पंखांचा एक आणि बाजूने धडाचा एक, असे दोन फोटो घेतो. सोबत तारीख, गाव आणि ते कोणत्या झाडावर बसलं होतं, हे लिहून ठेवतो. एवढी नोंद असली, तर आज न पटलेली ओळख उद्या दुसरा कुणीतरी पटवू शकतो.