डीटीएच कोणते घ्यावे? आधी घरातल्या वाहिन्यांची यादी करा

घरावर छत्री बसवायची म्हटले की दुकानदार त्याच्याकडे असलेल्या कंपनीचेच गुण सांगतो. सुरुवातीची सवलत बघून आपण होकार देतो आणि पुढे दर महिन्याचे रिचार्ज जड जाऊ लागते. हातावर पोट असलेल्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून निवडीपूर्वी काय तपासावे, ते आम्ही येथे देत आहोत.

पर्याय कोणते?

सशुल्क सेवेत टाटा प्ले, एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि सन डायरेक्ट ही प्रमुख नावे आहेत. पूर्वीचे टाटा स्काय २०२२ मध्ये टाटा प्ले झाले. व्हिडिओकॉन डी२एच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाले.

यांशिवाय प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री, बॉक्स आणि बसवण्याचा खर्च एकदाच येतो.

पैसे कशाचे लागतात?

२०१९ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनी सुटी घेता येते. तिची कमाल किंमत प्रसारक ठरवतो; कंपनीला त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यावर नेटवर्क शुल्क आणि १८ टक्के जीएसटी लागतो. नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायने २०२४ मध्ये काढून टाकली. त्यामुळे हे शुल्क किती, ते प्रत्येक कंपनीला वेगळे विचारावे.

घरातले सगळे मिळून खरोखर पाहतात त्या वाहिन्या कागदावर लिहा. बहुतेक घरांत ही यादी दहा-बाराच्या पुढे जात नाही. तेवढ्याच वाहिन्या सुट्या घेतल्या तर किती आणि पॅक घेतला तर किती, हे विचारा. तुलना महिन्याची न करता वर्षाची करा.

फ्री डिश कोणाला पुरेल?

सह्याद्री, बातम्या, जुने चित्रपट एवढ्यावर भागत असेल तर फ्री डिश पुरेसे आहे. पीएम ई-विद्या उपक्रमात २०२० मध्ये ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ योजना आली. त्या शैक्षणिक वाहिन्याही येथे मोफत दिसतात. मात्र सशुल्क मराठी वाहिन्या मिळत नाहीत. खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते, म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. बॉक्स एमपीईजी-४ चा घ्यावा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

घेण्यापूर्वी विचारा

• एका कंपनीचा बॉक्स सहसा दुसरीकडे चालत नाही. कंपनी बदलली की पुन्हा खर्च येतो.
• जोरदार पावसात चित्र सगळ्यांचेच जाते. गच्चीवरून आग्नेय-दक्षिणेकडचे आकाश मोकळे आहे का, झाड आड येते का, ते पाहा.
• बिघाड झाल्यास गावात मेकॅनिक किती दिवसांत येतो, हे शेजाऱ्यांना विचारा.
• दुसऱ्या टीव्हीचे वेगळे शुल्क किती?
• बसवण्याची पावती घ्या आणि ग्राहक क्रमांक जपून ठेवा.

आमचे मत असे : मालिकांचा आग्रह नसेल आणि घरात शाळेत जाणारी मुले असतील, तर आधी फ्री डिशचा विचार करावा. वाचलेल्या रिचार्जमधून मुलांची वह्या-पुस्तके येतील. सशुल्क सेवाच हवी असेल, तर हातातली यादी घेऊनच दुकानाची पायरी चढावी.