सीमाभागातील वर्ग आणि अल्गोरिदम

बेळगावच्या उत्तरेस, पुणे–बंगळूर हमरस्त्यालगत, काकती हे गाव आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जन्म १७७८ साली येथेच झाला. या परिसरात कन्नड आणि मराठी एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. परमुलखातून येऊन स्थिरावलेली कुळेही येथे नवीन नाहीत. १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आले. त्या संकटकाळात गोवा सोडून निघालेली कित्येक सारस्वत कुळे कारवार-बेळगावकडे वळली, हे वाचकांस विदित आहेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मात्र माणसे जागच्या जागी राहिली आणि सीमा हलली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले व मराठी मूल घर न सोडता भाषिक अल्पसंख्य ठरले. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम समाविष्ट झाले. अशा मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. परंतु शेजारच्या बाकावरील मुलाशी मैत्र जुळते, ते खेळाने, डब्यातील घासाने आणि देवळातील पंगतीने. ते काम कोणत्याही कलमाचे नव्हे.

या सहवासात आता समाजमाध्यमे शिरली आहेत. तेथे कोणास काय दाखवावे, हे अल्गोरिदम नामक गणिती रीत ठरवते. मनुष्य कशापाशी थबकतो व कशास प्रत्युत्तर देतो, हे पाहून ती पुढील मजकूर निवडते. २०१८ साली फेसबुकने अधिक चर्चा घडविणाऱ्या मजकुरास अग्रक्रम दिला. त्यामुळे संतापजनक मजकूर वर येतो, असे कंपनीच्याच संशोधकांनी बजावले होते, हे २०२१ मध्ये उघड झालेल्या तिच्या कागदपत्रांवरून जगास कळले. या रीतीस वैर हवे असते असे नव्हे. तिला केवळ आपले लक्ष हवे असते, आणि क्रोधाइतके लक्ष दुसरे काही वेधीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्यास शाई फासल्याची चित्रफीत पसरली. पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. रायण्णा हे चन्नम्मांचेच शूर अनुयायी. त्यांना १८३१ साली नंदगड येथे फाशी झाली. दोन्ही वीरांची चरित्रे एकाच वर्गात शिकविण्याजोगी. परंतु पडद्यावर ती परस्परांविरुद्ध उभी राहिली. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस बेळगावातील एका महाविद्यालयाच्या समारंभात कन्नड ध्वज फडकविणाऱ्या विद्यार्थ्यास सहाध्यायांनी मारहाण केली. ती दृश्येही लगोलग घरोघर पोहोचली.

अशाने कन्नड मुलास मराठी मुलाची आणि मराठी मुलास कन्नड मुलाची ओळख होते, ती भांडणातून. कामासाठी दूरच्या प्रांतातून आलेल्या मजुराचे मूल तर तोंड उघडण्यापूर्वीच परके ठरण्याचा संभव असतो. त्यास गावाकडील आप्तांशी जोडणारा दुवाही तोच मोबाइल आहे, हे खरे. म्हणून यंत्राचा निषेध करून भागणार नाही.

देवस्थानांच्या हाती एक जुने साधन आहे. उत्सवाच्या पंगतीत, भजनात, पालखीच्या सेवेत या मुलांस नावाने बोलवावे आणि आपल्या मुलांशेजारी बसवावे. शेजारी बसून जेवलेल्या मुलाविषयी पडदा काहीही सांगो, ते पडताळून पाहण्यास आपल्या मुलापाशी स्वतःचा अनुभव असेल.