उकळीचा आकडा

पुण्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर ते साधारण ९८ लाच उकळतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांना मी हे दाखवते आणि हवेच्या दाबाचं कारण सांगते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात तापमापनाचा पाया हा विषय अभ्यासाला घेतला, तेव्हा लक्षात आलं की दाब कायम राखला तरी हा आकडा जागेवर राहत नाही.

अठराव्या शतकात लंडनच्या जॉर्ज अ‍ॅडम्स यांनी केलेल्या एका तापमापकावर उकळीच्या दोन खुणा आहेत. पाणी उकळू लागतं ती २०४ फॅरनहाइटला, खळखळून उकळतं ती २१२ ला. मग खरी उकळी कोणती?

जिनिव्हाच्या झाँ-आंद्रे द ल्यूक यांनी हा प्रश्न फार मनावर घेतला. पाण्यात विरघळलेली हवा उकळीत घोळ घालते, असं त्यांना वाटलं. हवा काढायची म्हणून त्यांनी पाण्याची कुपी हातात घेतली आणि चार आठवडे हलवत राहिले. जेवताना, वाचताना, मित्रांशी बोलताना, फिरायला जातानाही. ते हवा काढलेलं पाणी तापवलं, तर ११२ सेल्सियसपर्यंत शांत राहिलं आणि मग एकदम उसळलं. शुद्ध उकळी शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती आणखी बेभरवशाचं पाणी आलं! तरी त्यांनी ते जसं घडलं तसं लिहून ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

तापमापकावरची ही खूण पक्की करायला लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. द ल्यूकही तिच्यात होते. १७७७ च्या अहवालात समितीने सांगितलं, तापमापक पाण्यात बुडवू नका, वाफेत धरा. वाफ का स्थिर राहते याचं पक्कं उत्तर तेव्हा नव्हतं. पण ती राहत होती.

गोठण आणि उकळी या दोन खुणांच्या मधल्या तापमानांचं काय? पारा सारख्या प्रमाणात प्रसरण पावतो हे तपासायला तापमान कळायला हवं, आणि तापमान कळायला तापमापकच हवा. पॅरिसच्या व्हिक्तर रेन्यो यांनी १८४० च्या दशकात हा पेच वेगळ्या बाजूने हाताळला. खरा तापमापक कोणता हे न विचारता त्यांनी विचारलं, एकाच जातीचे तापमापक एकमेकांशी जुळतात का? काच बदलली की पाऱ्याच्या तापमापकांचे आकडे वरच्या तापमानांना एकमेकांशी जुळेनासे होत. हवेचे तापमापक मात्र आतल्या हवेची घनता बदलली तरी जुळत. १८४५ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या तरुण विल्यम थॉमसन यांना, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांना, एवढ्यावर समाधान नव्हतं. कुठल्याच पदार्थावर अवलंबून नसलेलं तापमान त्यांनी १८४८ मध्ये मांडलं. ते प्रत्यक्षात मोजायचं म्हटल्यावर मात्र त्यांनाही वायूंकडेच वळावं लागलं.