सोरोरिटीचं दार आणि शिकवणीचा बाजार

मागच्या वेळी आपण 1851 पाशी थांबलो होतो. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी, वेस्लियन महिला महाविद्यालयात मुलींनी स्वतःची गुप्त मंडळी काढली ती त्या साली. पुढे सिराक्यूजच्या एका लॅटिन प्राध्यापकाला ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे बंधुसंघ, हा शब्द मुलींना लावणं खटकलं आणि ‘सोरोरिटी’ हा शब्द आला. नवी मुलगी कॉलेजात आली की तिला आपल्याकडे ओढायची घाई, म्हणून भरतीचं नाव ‘रश’. ही ओढाताण आवरायलाच 1902 साली शिकागोत सात संघटना एकत्र बसल्या.

आता आजचा प्रश्न. 2021 मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले, आणि रशची तयारी करून देणाऱ्या शिकवण्याही चर्चेत आल्या. फी शेकडो डॉलरपासून हजारोंपर्यंत. हे पैसे वसूल होतात का?

आधी विकलं काय जातंय ते बघू. कपडे कोणते, दारात काय बोलायचं, राजकारण-पैसा हे विषय कसे टाळायचे, हे पूर्वी आई, मावशी, आजी फुकट सांगायच्या. ओळखीच्या जुन्या सदस्या शिफारसपत्र द्यायच्या. म्हणजे ही माहिती घराण्यातच फिरायची! 2020 च्या सुमारास बऱ्याच संघटनांनी शिफारसपत्राची अट काढली, रीतभात मात्र तीच राहिली. जिच्या घरात कुणीच सोरोरिटीत नव्हतं, तिला ती आता विकत मिळते, एवढंच.

जागावाटपाचं काय? तिथे मुली क्रम लावतात, सोरोरिट्याही लावतात. यावर सुझन मॉन्गेल आणि अल्विन रॉथ यांनी 1991 साली चक्क अर्थशास्त्राचा निबंध लिहिला. रॉथना पुढे 2012 चं नोबेलही मिळालं. त्यांना दिसलं की पुष्कळ मुली एकच नाव लिहून मोकळ्या होत. आज सल्ला उलटा असतो: शेवटच्या फेरीतले सगळे पर्याय लिहा. आणि तो विद्यापीठातल्या रश-समुपदेशक मुली फुकट देतात.

शिवाय नाकारलं तर कारण सांगत नाहीत. आपल्याकडच्या क्लासला निदान गुणपत्रिकेची कसोटी असते. इथे शिकवणीने काय साधलं ते ना आईला कळतं ना मुलीला. 2013 साली अलाबामाच्याच विद्यार्थी वृत्तपत्राने उघड केलं, की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला माजी सदस्यांच्या हस्तक्षेपामुळे दार बंद झालं. तिला कुठली शिकवणी पुरली असती?

बुजऱ्या मुलीला दोन-चार तास बोलण्याचा सराव, इतपत खर्च आम्हाला पटतो, त्यापुढचा नाही. प्रवेश मिळाल्यावर सोरोरिटीची वर्गणी भरायची असते, ती वेगळीच.