हस्तधारी जीपीएस व नकाशा-ॲपचा वापर (महाड-पोलादपूर परिसर)

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर या डोंगराळ तालुक्यांत हस्तधारी जीपीएस संच आणि मोबाइलवरील नकाशा-ॲप यांचा वापर गिर्यारोहण, किल्ले व घाटवाटांचा अभ्यास, दरडप्रवण जागांची नोंद आणि आपत्तीच्या वेळी शोध व बचाव या कामांसाठी होतो. संचाने दाखवलेले ठिकाण कितपत विश्वसनीय आहे हे आकाशाचा खुलेपणा, नकाशाची संदर्भचौकट आणि अक्षांश-रेखांश लिहिण्याची पद्धत या तीन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असते. त्यामुळे यंत्र हाती असूनही चुकीचे ठिकाण नोंदवले किंवा कळवले जाणे शक्य असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरमार्गे महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. दोन्ही तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आहे. वरंध घाटाने महाडहून भोरकडे, आंबेनळी घाटाने पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आणि कशेडी घाटाने पोलादपूरहून खेडकडे जाता येते. रायगड, लिंगाणा, चंद्रगड, मंगळगड (कांगोरी), सोनगड, चांभारगड व कावळ्या हे किल्ले या परिसरात आहेत. गाडीरस्त्यांखेरीज बोराट्याची नाळ, मढे घाट, ढवळे घाट यांसारख्या जुन्या पाऊलवाटा घाटमाथ्यावर जातात.

वस्ती मुख्य गावाभोवतीच्या वाड्यांत विखुरलेली आहे. सुतारवाडी, बौद्धवाडी, गवळवाडी अशी नावे अनेक गावांत आढळतात. केवळ वाडीच्या नावावरून ठिकाण निश्चित होत नसल्याने अक्षांश-रेखांशांची नोंद या परिसरात विशेष उपयोगी ठरते.

यंत्रणेचे स्वरूप

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यंत्रणा १९९५ साली पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संच किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळांवरून स्वतःचे ठिकाण व उंची काढतो. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर साध्या संचांची अचूकता मोठ्या प्रमाणावर वाढली. रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची नाविक या यंत्रणाही उपलब्ध असून आजचे अनेक संच एकाच वेळी एकाहून अधिक यंत्रणांचे संकेत घेतात.

खुल्या आकाशाखाली मोबाइल किंवा साध्या हस्तधारी संचाची चूक साधारणतः पाच मीटरच्या आसपास असते. झाडी, कडे व इमारती यांमुळे ती वाढते.

जीपीएस संच केवळ संकेत ग्रहण करतो. त्यासाठी मोबाइल सेवेची गरज नसते. ‘रेंज नसली की जीपीएस चालत नाही’ हा समज चुकीचा आहे. रेंज नसताना ठिकाण सापडण्यास वेळ अधिक लागतो, कारण उपग्रहांच्या कक्षांची माहिती मोबाइल जाळ्याऐवजी थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते. नकाशाची चित्रे मात्र आधी उतरवून घेतली नसतील तर पडद्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवरील ठिपका तेवढा दिसतो. यासाठी महाड वा पोलादपूर सोडण्यापूर्वी संपूर्ण परिसराचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेणे आणि विमान मोड चालू करून तो उघडतो का हे पाहणे आवश्यक असते.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धती

एकच ठिकाण तीन प्रकारे लिहिले जाते. अंश-मिनिटे-सेकंद पद्धतीतील १८°०४′३०″ हा अक्षांश अंश व दशांश मिनिटांत १८°०४.५००′, तर दशांश अंशांत १८.०७५०° असा होतो. पहिल्या रूपातील आकडे चिन्हांविना सांगितले गेले आणि ऐकणाऱ्याने ते १८.०४३०° असे टिपले, तर ठिकाण सुमारे साडेतीन किलोमीटर दक्षिणेस सरकते. या भूभागात तेवढ्या अंतरात नदीचा दुसरा काठ किंवा निराळे खोरे येऊ शकते.

अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद सुमारे ३१ मीटर असते. दशांश अंशांत चौथ्या स्थानाचा अंक साधारण ११ मीटर, तर पाचव्या स्थानाचा अंक सुमारे एक मीटर दर्शवतो. साध्या संचाच्या बाबतीत पाचपेक्षा अधिक दशांश स्थाने लिहिण्यात अर्थ नसतो.

या दोन तालुक्यांपुरती एक सोपी पडताळणी करता येते. येथील अक्षांश १७ किंवा १८ ने आणि रेखांश ७३ ने सुरू होतो. दोहोंची अदलाबदल झाल्यास महाडचे ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसू लागते. यूटीएम पद्धतीत हा परिसर ४३ व्या पट्ट्यात येतो. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत अंतर व क्षेत्रफळ मीटरमध्ये मोजण्यासाठी ईपीएसजी ३२६४३ ही संदर्भपद्धती निवडली जाते.

नकाशे व संदर्भचौकट

१७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर जमिनीवरील एक किलोमीटर दोन सेंटिमीटरने दाखवला जातो आणि समोच्च रेषांतील अंतर साधारणतः २० मीटर असते. जुन्या क्रमांकन पद्धतीनुसार महाड शहर व रायगड किल्ला ४७ एफ/८ या पत्रकात, तर पोलादपूर ४७ जी/५ या पत्रकात येते. १८ अंश उत्तर अक्षांशाची रेषा या दोन गावांच्या मधून जात असल्याने महाडहून पोलादपूरकडे येताना पत्रक बदलते. दोन्ही तालुक्यांतून जाणाऱ्या भटकंतीसाठी एकच पत्रक पुरत नाही.

जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर, तर जीपीएस संच डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भचौकटीवर आधारित आहेत. एकाच ठिकाणाचे या दोन चौकटींतील अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. या भागात तो फरक शंभर मीटरहून अधिक भरतो. जुन्या पत्रकावरून वाचलेले आकडे रूपांतर न करता संचात भरल्यास धारेवरील बिंदू कड्याखाली दिसू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी काढलेली खुली नकाशा-मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आधारित असल्याने तिच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला नकाशा ऑसमँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारख्या ॲपमध्ये ऑफलाइन वापरता येतो. त्यातील पाऊलवाटा कोणीतरी प्रत्यक्ष चालून किंवा उपग्रहचित्रावरून रेखाटलेल्या असतात. त्यामुळे दाट झाडीतील वाटा राहून गेलेल्या किंवा सरकलेल्या असू शकतात.

नकाशाचे वयही महत्त्वाचे असते. महाडजवळील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला. कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा झाला आहे. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो. अशा बदलांची नोंद नसलेला नकाशा अस्तित्वात नसलेला वा बंद असलेला रस्ता सुचवू शकतो. म्हणून घाट चालू असल्याची खात्री प्रशासनाच्या सूचनांवरून करून घेणे इष्ट ठरते.

नाळा, कडे व जंगलातील वापर

‘नाळ’ म्हणजे कड्यांच्या बेचक्यातून घाटमाथ्यावर चढणारी अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली वाट. अशा जागी डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते. उपग्रह कमी सापडतात आणि काही संकेत कातळावर आपटून उशिरा पोहोचतात. परिणामी नोंदलेला माग वाटेच्या दोन्ही बाजूंना वेडावाकडा उड्या मारताना दिसतो. नाळेत शिरण्यापूर्वी मोकळ्या जागी पाय रोवून ठिकाण स्थिर होऊ द्यावे लागते आणि नाळेचे तोंड व माथा येथे स्वतंत्र बिंदू नोंदवणे उपयोगी ठरते. संच खिशात किंवा पाठपिशवीच्या तळाशी ठेवण्यापेक्षा खांद्यावरील पट्ट्यास, आकाशाकडे तोंड करून अडकवल्यास संकेत अधिक चांगले मिळतात.

निवडलेल्या बिंदूकडे बाण दाखवण्याची सोय सरळ रेषेतील दिशा व अंतर देते. रायगडाच्या माथ्यावरून समोर दिसणारा लिंगाणा सरळ रेषेत जवळ भासतो. मध्ये मात्र काळ नदीचे खोल खोरे आहे. बाणामागे सरळ जाणे सह्याद्रीत कड्याच्या टोकावर नेणारे असते. उपग्रहीय उंचीमापनावरून तयार केलेल्या समोच्च रेषाही पूर्ण विश्वासार्ह नसतात. २००० साली अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीची चौकट सुमारे ३० मीटरची असल्याने उभा कातळ तिच्यात तीव्र उतारासारखा दिसतो.

चालताना माग नोंदवत राहिल्यास धुके दाटल्यावर आलेल्या वाटेने परतता येते. ढवळे गावातून चंद्रगडाजवळून महाबळेश्वरच्या आर्थर सीटकडे चढणाऱ्या ढवळे घाटासारख्या रानवाटेवर ही सोय विशेष कामाची आहे. फाटे, पाण्याची टाकी व ओढ्याचे उतार हे स्वतंत्र बिंदू म्हणून नावासह साठवले जातात. दुसऱ्याने दिलेली जीपीएक्स फाइल वापरताना ती कोणत्या ऋतूत नोंदवली हे पाहणे आवश्यक असते. उन्हाळ्यातील कोरडा ओढा जुलैत ओलांडता येईलच असे नाही.

उंचीची नोंद

उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या ठिकाणापेक्षा कमी अचूक असते. शिवाय ती मुळात गणिती गोलाभापासून मोजलेली असते. पश्चिम किनाऱ्यालगत सरासरी समुद्रसपाटी या गोलाभाच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. बहुतेक संच ही दुरुस्ती आपोआप करतात, परंतु काही ॲप कच्ची उंची दाखवतात. वायुदाबमापक असलेल्या संचात हवामान बदलले की उंची बदलते. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक झाल्यास सुमारे आठ ते नऊ मीटरचा फरक पडतो. म्हणून ज्ञात उंचीच्या जागी, उदाहरणार्थ सुमारे ८२० मीटर उंचीच्या रायगडावर, संच जुळवून घेतला जातो.

पावसाळा व विजेरी

ओल्या पडद्यावर मोबाइलचा स्पर्श नीट ओळखला जात नाही. बटणांचे हस्तधारी संच अशा वेळी अधिक सोयीचे असतात. आयपीएक्स ७ दर्जाचा संच एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकण्याच्या निकषाचा असतो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या संचाचे सेल वाडीतील दुकानातही मिळू शकतात. मोबाइल वापरताना विमान मोड, मंद पडदा व सोबत पॉवर बँक यांमुळे विजेरी अधिक टिकते. छापील नकाशा व होकायंत्र यांची जागा दोन्ही साधने घेऊ शकत नाहीत. या भागात चुंबकीय व भौगोलिक उत्तरेतील फरक एक अंशाहूनही कमी असल्याने होकायंत्राची दिशा साध्या कामासाठी दुरुस्तीविना वापरता येते.

आपत्तीच्या वेळी ठिकाण कळवणे

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पूर व दरडींमुळे रस्ते तुटल्याने तळियेपर्यंत बचाव पथकांना पोहोचण्यास उशीर झाला. अशा स्थितीत पहिला संदेश बहुधा गावातूनच जातो आणि तो अपुऱ्या रेंजमध्ये, तुटक शब्दांत द्यावा लागतो.

संदेशात गाव, वाडी व तालुका यांची नावे प्रथम सांगून नंतर दशांश अंशांतील अक्षांश व रेखांश एकेक अंक सुटा उच्चारून देणे आणि ऐकणाऱ्याकडून ते परत वदवून घेणे ही सुरक्षित पद्धत मानली जाते. ठिकाण केव्हा घेतले, संच दाखवत असलेली संभाव्य चूक किती मीटर आहे आणि जखमी त्या बिंदूच्या वर आहेत की खाली, ही माहितीही दिली जाते. रस्त्यावर असल्यास जवळच्या किलोमीटर दगडाचा क्रमांक जोडला जातो. बोलणे होत नसल्यास लघुसंदेश जाण्याची शक्यता अधिक असते. आणीबाणीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिन या दहा अक्षरांकांच्या संकेतानेही सुमारे चार मीटर चौरसाचे ठिकाण सांगता येते.

शाळा, समाजमंदिर, हेलिकॉप्टर उतरू शकेल असे मैदान व वाडीकडे जाणाऱ्या पर्यायी पायवाटा यांचे बिंदू पावसाळ्यापूर्वीच नोंदवून, छापील यादी ग्रामपंचायतीत लावल्यास वीज व रेंज गेल्यावरही ती वापरता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे १:५०,००० प्रमाणाचे दरडप्रवणता नकाशे भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. गावालगतच्या भेगा व नवे झरे यांच्या स्थानिक नोंदी त्यांना पूरक ठरतात.

मर्यादा व कायदेशीर बाबी

साध्या जीपीएस संचावरून शेताची हद्द ठरवता येत नाही. काही मीटरची चूक बांधाच्या वादात निर्णायक ठरते आणि अधिकृत मोजणी भूमी अभिलेख विभागाकडूनच होते. केवळ संकेत ग्रहण करणारा संच बाळगण्यास परवाना लागत नाही. मात्र उपग्रह फोन व उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे भारतात परवान्याविना वापरता येत नाहीत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना भू-अवकाशीय माहिती गोळा करणे व प्रसिद्ध करणे सुलभ केले, तरी संवेदनशील स्थळांविषयीचे निर्बंध कायम आहेत.

यंत्र कितीही चांगले असले तरी वाट आज चालू आहे का, ओढ्याला पाणी किती आहे, कोणता उतार खचू लागला आहे, हे ते सांगू शकत नाही. ही माहिती वाडीतील गुराखी व वाटाड्यांकडे असते. त्यामुळे अनुभवी पथके जीपीएसचा वापर स्थानिक वाटाड्यासोबत करतात.